शेक्सपिअरवरचा पिक्चर पारखायचा कसा? 'मॅकबेथ' घेऊन बघू

शेक्सपिअरवरचा पिक्चर पाहिला की सगळे आधी हेच विचारतात की नाटकातलं किती ठेवलं आणि किती कापलं. हा प्रश्न बाजूला ठेवा. जपानी दिग्दर्शक कुरोसावाने 1957 च्या 'थ्रोन ऑफ ब्लड'मध्ये गोष्ट जपानी सरदारांमध्ये नेली, शेक्सपिअरचे संवाद वापरलेच नाहीत, तरी 'मॅकबेथ'वर इतका भेदक पिक्चर मी दुसरा पाहिलेला नाही.

आधी नाटक वाचा. सरदार मॅकबेथ बायकोच्या साथीने राजा डंकनचा खून करून गादी घेतो, त्याची ही गोष्ट. त्याच्या शोकांतिकांमध्ये हेच सगळ्यात छोटं आहे, त्यामुळे घाबरू नका.

मग नाटकातली एक अवघड जागा धरा आणि ती दिग्दर्शकाने कशी सोडवली ते बघा. मी बर्नमचं जंगल धरते. ते चालून येईपर्यंत मॅकबेथ हरणार नाही असं भविष्य आहे, आणि नाटकात सैनिक फांद्या तोडून त्यांच्या आडून येतात. कुरोसावाकडे धुक्यातून झाडंच सरकत येताना दिसतात, 2015 च्या कर्झेलच्या पिक्चरमध्ये जंगल पेटवलंय आणि ठिणग्या, राख उडत येते, आणि विशाल भारद्वाजच्या 'मकबूल'मध्ये जंगलाच्या जागी समुद्र आहे, जे मुंबईच्या अंडरवर्ल्डच्या गोष्टीत एकदम फिट बसतं कारण त्यांचा धंदाच समुद्रावरून चालतो. तिथे नाटकात भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींच्या जागी पंडित आणि पुरोहित हे दोन पोलीस आहेत, कुंडली मांडणारे, म्हणजे भविष्य सांगणारेच ते घडवूनही आणू शकतात! बदल असा हवा, नुसती नावं आणि कपडे बदलून काही होत नाही.

पुढे स्वगतं बघा. दिग्दर्शक पोलान्स्कीने 1971 च्या 'मॅकबेथ'मध्ये बरीचशी मनातल्या आवाजात टाकली. 'मकबूल'मध्ये ते काम मकबूल झालेल्या इरफानचे डोळे करतात.

डंकनचा खून नाटकात स्टेजवर होत नाही. पोलान्स्की तो दाखवतो, आणि मला वाटतं तिथे तो हरतो, कारण रक्ताळलेले हात बघून आपण जे मनात रंगवतो ते जास्त भयानक असतं. कुरोसावा तेव्हा कॅमेरा खुन्याच्या बायकोवर ठेवतो, ती एकटी वाट बघत असते, बास.

शेवटी बदलाचा परिणाम शेवटपर्यंत पोचतो का ते तपासा. 'मकबूल'मध्ये डंकनच्या जागी डॉन अब्बाजी आहेत आणि लेडी मॅकबेथच्या जागी निम्मी; ही निम्मी अब्बाजींची बाई, म्हणून 'मकबूल'मधला खून सत्तेइतकाच प्रेमापायीही होतो, आणि पुढचं प्रत्येक पाऊल त्यातूनच निघतं.

वेळ कमी असेल तर मेजवानीतल्या भुताचा सीन (मॅकबेथने मारवलेल्या मित्राचं, बँकोचं, भूत) दोन पिक्चरमध्ये लागोपाठ लावा आणि एवढंच बघा, भूत आपल्याला दिसतं की फक्त मॅकबेथला.