पायक्यूटी: सगळ्या विंडोंवर एकदम बिझी कर्सर कसा लावायचा

सावदा-रावेर पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यांना मी पायक्यूटीत (पायथनमधून विंडोवाले प्रोग्राम बनवायची लायब्ररी) केलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देतो. त्यांच्याकडे एका वेळी तीन-चार विंडो उघड्या असतात: काट्याच्या नोंदी, शेतकऱ्याचं खातं, ट्रकची भरती. वर्षाचा खातेउतारा निघायला वेळ लागतो. फक्त उताऱ्याच्या विंडोवर बिझी कर्सरचं गोल फिरत असेल आणि बाकीच्यांवर साधा बाण, तर मुनीम काट्याच्या विंडोत जाऊन ‘जतन करा’ दाबत सुटतो. मग फोन: “भो, अडकलं का?”

इथे विजेटचं (विंडोतलं बटण, चौकट असा एकेक भाग) सेट-कर्सर पुरत नाही. ते त्या विजेटपुरतंच चालतं, आणि मजकूर भरायच्या चौकटीचा उभ्या दांडीचा कर्सर तसाच राहतो. थेट क्यूॲप्लिकेशनचं सेट-ओव्हरराइड-कर्सर वापरा, त्याला वेट-कर्सर द्या. आपल्या ॲपच्या प्रत्येक विंडोवर, डायलॉगवर तोच दिसेल. काम झालं की रिस्टोअर-ओव्हरराइड-कर्सर.

खरी गोम पुढेच आहे. हे कर्सर एकावर एक रचले जातात. उताऱ्याच्या फंक्शनने एक लावला, त्यातून चालणाऱ्या व्याजाच्या फंक्शनने दुसरा लावला, तर काढायचेही दोन. एक जरी राहिला तरी काम संपूनही गोल फिरतच राहतं. म्हणून सेट केल्याच्या पुढच्याच ओळीला ट्राय सुरू करा आणि रिस्टोअर फायनलीत ठेवा. डेटाबेसने मध्येच एरर दिली तरी कर्सर सुटतो. मी याचा छोटा कॉन्टेक्स्ट मॅनेजर (सुरुवातीला लावणं आणि शेवटी काढणं आपोआप करणारा कोड) करून ठेवलाय, सगळीकडे ‘विथ’ लावून तोच वापरतो. मेसेज बॉक्स मात्र रिस्टोअरनंतरच दाखवा. ‘हो की नाही’ विचारायचं आणि वर थांबायची खूण दाखवायची, यात समोरचा माणूस गोंधळतो.

आणि कर्सर क्लिक अडवत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. मेन थ्रेड (विंडो आणि क्लिक सांभाळणारा ॲपचा मुख्य धागा) अडकलेला असताना दाबलेली बटणं रांगेत थांबतात, काम संपताच सगळी एकदम चालतात आणि एकाच गाडीची नोंद दोनदा पडते. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब आहे, तो चुकता कामा नये. सुरुवातीलाच बटणं बंद करा. काम झाल्यावर आधी प्रोसेस-इव्हेंट्स (रांगेतले क्लिक वगैरे निकाली काढणारं फंक्शन) चालवा, म्हणजे साठलेले क्लिक बंद बटणांवरच विरतात, आणि मगच बटणं चालू करा.

काम फारच लांबणार असेल तर ते क्यूथ्रेडमध्ये, म्हणजे मेन थ्रेडहून वेगळ्या थ्रेडमध्ये, टाका. तेव्हाही कर्सर लावायचा-काढायचा तो मेन थ्रेडमधूनच. काढायला थ्रेडचा फिनिश्ड सिग्नल जोडा.