चार कोटी अंकांच्या मूळ संख्येचे गुणधर्म कसे काढावेत

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘गिम्प्स’ या स्वयंसेवी संगणन प्रकल्पातून ल्यूक ड्युरांट यांना सापडलेली मूळ संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ती पूर्ण लिहायची तर हजारो पाने लागतील, पण तिचे बरेच गुणधर्म मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर काढता येतात.

आधी अंक मोजावेत. घातांकाला २ च्या लॉगने, म्हणजे ०.३०१०२९९९५६६ ने गुणावे. उत्तर सुमारे ४,१०,२४,३१९.९४५ येते; त्यातल्या पूर्णांकात १ मिळवला की अंकसंख्या ४,१०,२४,३२० मिळते. (२ चा कोणताही घात शून्याने संपत नसल्यामुळे १ वजा केल्याने अंक कमी होत नाही.) शाळेत पाठ केलेली ०.३०१० ही किंमत येथे वापरू नये, कारण तिने चार हजारांहून अधिक अंक कमी भरतात. ०.९४५ या अपूर्णांकाचा प्रतिलॉग सुमारे ८.८१ येतो, म्हणून संख्येची सुरुवात ८८ ने होते.

शेवटचा अंक त्याहून सोपा आहे. २ च्या घातांचे एकक स्थानचे अंक २, ४, ८, ६ याच क्रमाने फिरतात. घातांकाला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणजे घाताच्या शेवटी २ आणि आपल्या संख्येच्या शेवटी १ येतो.

आता विभाजक पाहावेत. घातांक मूळ असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही: ११ मूळ असूनही २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७, हा २३ × ८९ असा फुटतो. घातांक विषम मूळ संख्या असेल, तर अशा संख्येचा १ खेरीज प्रत्येक विभाजक घातांकाच्या दुपटीच्या कोणत्या तरी पटीपेक्षा १ ने मोठा असतो. २३ म्हणजे २२ + १ आणि ८९ म्हणजे ८८ + १. त्यामुळे आपल्या संख्येला १ सोडून २७,२५,५९,६८३ पेक्षा लहान कोणतीही संख्या भागूच शकत नाही.

ती खरोखर मूळ आहे का, हे लुका-लेमर कसोटी सांगते. तिची रीत घातांक ७, म्हणजे १२७ या संख्येवर करून पाहावी. ४ पासून सुरुवात करून दर वेळी वर्ग करावा, २ वजा करावेत आणि १२७ ने भागून बाकी ठेवावी: १४, ६७, ४२, १११, ०. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे पाच पायऱ्यांनंतर शून्य आले, म्हणून १२७ मूळ आहे. घातांक ११ घेऊन २०४७ वर हीच रीत वापरली, तर शेवटी शून्य येत नाही.

ड्युरांट यांच्या संख्येसाठी अशा १३,६२,७९,८३९ पायऱ्या लागतात आणि त्यांतल्या बहुतेक पायऱ्यांत चार कोटी अंकांच्या आसपासच्या बाकीचा वर्ग करावा लागतो. मध्येच एक अंक चुकला तरी अखेरच्या बाकीवर विसंबता येत नाही; म्हणूनच निकाल जाहीर करण्यापूर्वी ही कसोटी वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी पुन्हा घेण्यात आली.