आधी पान उलटा: कायद्याचं, औषधपाण्याचं आणि पोथीचं पुस्तक कसं पारखावं

2011च्या उन्हाळ्यात आमच्या वाचनालयात एक बाई आल्या. लग्न 1988चं, माहेर तीन कोसांवर, वडील आदल्या वर्षी वारलेले. भाऊ मागे लागले होते, हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून. सही करण्याआधी वारसाहक्काचं एखादं पुस्तक वाचावं, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं. मी कपाटातून काढून दिलं. पुठ्ठ्यावर 'सहावी आवृत्ती, 2009' असं ठसठशीत छापलेलं, म्हणजे ताजंच असणार. आठ दिवसांनी त्या पुस्तक परत घेऊन आल्या.

"बाई, ह्यात तर सरळ लिवलंय. चौऱ्याण्णवच्या आधी लगीन झालेल्या लेकीला वडिलोपार्जितात काय न्हाई. करते सही."

नशीब बाईंचं, की रोज दुपारी पेपर वाचायला येणारे एक वकीलसाहेब तेव्हा टेबलाशी होते. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पुठ्ठा बघितलाच नाही. शीर्षकाचं पान उलटलं, मागची बारीक अक्षरं वाचली, मग प्रस्तावनेची तारीख बघितली. 1996. "हे पुस्तक 1996चंच आहे," म्हणाले, "कपडे फक्त नवे घातलेत."

महाराष्ट्रानं 1994 साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. पुस्तकात तेच होतं आणि 1996 साली ते बरोबरही होतं. पुढे केंद्राची दुरुस्ती आली, 9 सप्टेंबर 2005पासून लागू, आणि तिच्यात लग्नाच्या तारखेची अट नाही. पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं गेलं, हे वाक्य मात्र कुणी हलवलं नाही. बाईंनी सही केली नाही. पण पुस्तक मी दिलं होतं, ही गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही. 31 वर्षं ग्रंथपालकी केली. पुस्तक पारखायचं खरं शिकले ते त्या दुपारी.

तर पहिलं काम: पुठ्ठा वाचू नका. शीर्षकपानाच्या पाठीमागचं पान उघडा. तिथे पहिल्या आवृत्तीचं साल असतं, पुढच्या आवृत्त्यांची सालं असतात, कधी 'पुनर्मुद्रण' असा शब्द असतो. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. आवृत्ती म्हणजे मजकुरात काही बदल केला, निदान अर्थ तरी तोच आहे. आपल्याकडे प्रत संपली की पुन्हा छापायची आणि आकडा एकाने वाढवायचा, अशी सर्रास पद्धत आहे. म्हणून आकड्यावर जाऊ नका, त्या आवृत्तीला वेगळं मनोगत आहे का ते बघा. 'या आवृत्तीत अमुक प्रकरण नव्यानं लिहिलं, तमुक तारखेपर्यंतच्या सुधारणा घेतल्या' असं लेखकानं लिहिलं असेल तर ती आवृत्ती. 'वाचकांच्या उदंड प्रतिसादामुळे' एवढंच असेल तर पुनर्मुद्रण, पुठ्ठा काहीही म्हणो.

कायद्याच्या पुस्तकाला हे पुरेसं नाही. तिथे मी चाचणीचे प्रश्न ठेवलेत. आज दुकानात उभी राहिले तर खुनाचं कलम काढून बघेन. 302 दिसलं तर पुस्तक भारतीय दंड संहितेवरचं, म्हणजे 1860च्या कायद्याचं. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिच्यात खुनाची शिक्षा कलम 103मध्ये आहे. आपण ज्याला सगळे 'चारसोबीस' म्हणतो ते आता 318चं पोटकलम 4 झालंय. (शिवी मात्र जुन्याच कलमाची राहणार, तिला कोण सुधारणार!) दिवाणी बाजूचं पुस्तक असेल तर मुलीच्या हक्काचं प्रकरण उघडा. तिथे 2005 नुसतं असून भागत नाही. वडील 9 सप्टेंबर 2005ला हयात असले पाहिजेत की नाही, यावर न्यायालयांतच वेगवेगळी मतं होती. 11 ऑगस्ट 2020च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती अट नाही असं सांगितलं. म्हणजे 2017 सालचं, अगदी प्रामाणिकपणे लिहिलेलं पुस्तकही आज चुकीचा सल्ला देऊ शकतं.

जुनं पुस्तक फेकायचं का? थांबा. 30 जून 2024पर्यंत घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते. असे खटले अजून कितीतरी वर्षं चालतील. आमच्या वाचनालयात मी जुन्या पुस्तकांवर लाल शाईनं 'फक्त 1 जुलै 2024पूर्वीच्या घटनांसाठी' अशी चिठ्ठी डकवून ती खालच्या फळीवर ठेवली.

कायदा समजावून सांगणाऱ्या पुस्तकाबरोबर मूळ अधिनियमाची, म्हणजे खुद्द कायद्याची, पातळ प्रत घ्याच. लोक तिला घाबरतात, पण ती वाचायची एक रीत आहे. सुरुवातीला व्याख्यांचं कलम येतं, बहुतेक कायद्यांत ते दुसरं. तिथे 'कुटुंब', 'व्यक्ती', 'ग्राहक' असे साधे शब्द वेगळ्याच अर्थानं बांधलेले सापडतील. मग आपल्याला हवं ते कलम, आणि ते वाचताना पूर्णविरामाशी थांबायचं नाही. 'परंतु'पासून पुढे खरी गंमत असते. माहितीच्या अधिकाराच्या 2005च्या अधिनियमात कलम 7 तीस दिवसांची मुदत देतं, हे सगळ्यांना पाठ. पण माहिती कुणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर 48 तासांत द्यावी लागते, हे त्याच कलमातल्या 'परंतु'नंतर आहे. क्रियापदावरही बोट ठेवा: अधिकारी 'देईल' आणि अधिकारी 'देऊ शकेल' यात तुमचा सगळा अर्ज अडकलेला असतो. शेवटी तळटीप. '2005चा अधिनियम 39, कलम 3 अन्वये मूळ कलमाऐवजी दाखल' अशी ओळ दिसली की समजायचं, हे कलम नवं आहे आणि जुन्या पुस्तकातलं विवेचन त्याला लागू नाही. केंद्राचे कायदे इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. सही करण्याआधी तिथे एकदा ताडून बघा. मग वकिलाकडे जा. पुस्तक वाचून गेलात तर विचारायचं काय ते कळतं, एवढाच त्याचा उपयोग.

आरोग्याच्या पुस्तकांना माझी चाचणी वेगळी, आणि जास्त कडक. विंचू-सर्पदंशाचं पान काढते. दंशाच्या वर दोरी करकचून बांधा, चीर द्या, रक्त चोखून थुंका, असं लिहिलेलं असेल तर पुस्तक तिथेच मिटते. दंश झालेला हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा आधार देऊन स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही आणि प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात लवकरात लवकर न्यायचं. दुसरं पान जुलाबाचं. 'बाळाचं खाणंपिणं बंद ठेवावं' हे वाक्य मी एकाहून जास्त पुस्तकांत वाचलंय. ते उलटं आहे. अंगावरचं दूध चालू ठेवायचं आणि जलसंजीवनी पाजायची. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पुस्तकात माप न देता 'चवीपुरतं मीठ' लिहिलं असेल तर तो स्वयंपाक झाला, औषध नव्हे. तिसरं पान भाजण्याचं. टूथपेस्ट, शाई, हळद-तेल काहीही सांगितलं असेल तर नको. आधी वाहतं साधं पाणी, तेही भरपूर वेळ.

या तीन पानांना दहा मिनिटं लागतात. तोवर लेखकाच्या नावामागचं 'डॉ.' कशाचं आहे तेही बघून होतं. एका सद्गृहस्थांचं हृदयरोगावरचं पुस्तक आम्ही घेतलं, नंतर कळलं की त्यांची डॉक्टरेट संतसाहित्यातली. संतसाहित्यावर लिहिलं असतं तर आनंदानं दोन प्रती घेतल्या असत्या. आणि शेवटची पानं बघायची. लेखक स्वतःचीच चूर्णं तिथे विकत असेल, पुस्तकाचं नाव 'मधुमेह मुळापासून घालवा' असं असेल, तर ते पुस्तक नव्हे, माहितीपत्रक. मधुमेह, कर्करोग अशा रोगांवर हमखास उपाय म्हणून औषधाची जाहिरात करायला 1954च्या कायद्यानंच बंदी आहे. औषधांच्या मात्रा दिलेलं पुस्तक मी घरी न्यायला देतच नसे, बसून वाचा म्हणायची.

विज्ञानाचं लवकर उरकते. प्लुटोला नववा ग्रह म्हणत असेल तर पुस्तक 24 ऑगस्ट 2006च्या आधीचं. मूलद्रव्यांचा तक्ता 118पर्यंत जात नसेल तर तेही जुनं. पण विज्ञानात जुन्याचं तितकं वाईट वाटत नाही, पायथागोरस कुठे बदललाय. मला जास्त राग येतो तो मागे सूची नसलेल्या पुस्तकाचा आणि एकच संज्ञा तीन प्रकारे लिहिणाऱ्या लेखकाचा. मराठी विश्वकोशाबद्दल एक युक्ती सांगते. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं ते काम. पहिला खंड 1976चा आणि शेवटचे खंड थेट नव्या शतकातले. म्हणजे 'अ'ची नोंद 'ह'च्या नोंदीपेक्षा कितीतरी म्हातारी. 'अणुऊर्जा' वाचताना हे ध्यानात असू द्या.

आता पोथ्या. इथे सगळं उलटं होतं. जुनं शिळं होत नाही, पण 'कोणती प्रत?' हा प्रश्न येतो. ज्ञानेश्वरी शके 1212ची, म्हणजे 1290. पुढे तीनशे वर्षांत नकलकारांच्या हातून तिच्यात इतकं मिसळलं की संत एकनाथांनी शके 1506मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रती ताडून ती शुद्ध केली. आणि बजावून ठेवलं की यापुढे जो तिच्यात स्वतःची ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजावं. 1909 साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी आणखी एक प्रत छापली, तिच्यातलं मराठी पुन्हा निराळं. त्यामुळे आमच्याकडे कुणी 'ज्ञानेश्वरी द्या' म्हटलं की मी विचारायची, पारायणाला की अभ्यासाला? पारायणाला मोठ्या टाइपाची, पदं सुटी केलेली, मांडीवर उघडी राहील अशी. अभ्यासाला मात्र प्रस्तावनेत कोणकोणत्या हस्तलिखितांवरून पाठ ठरवला ते सांगणारी, आणि पानाच्या तळाशी पाठभेद, म्हणजे इतर प्रतींतले वेगळे शब्द, देणारी.

पाठभेद वाचायचे कसे ते महाभारतावरून कळतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919मध्ये चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते 1966ला पुरं झालं. पानावर वर ठरवलेला श्लोक आणि खाली बारीक टाइपात कोणत्या लिपीच्या, कोणत्या हस्तलिखितात कोणता वेगळा शब्द आहे त्याची नोंद. खालचं वाचायला कंटाळा येतो, पण वाद तिथेच मिटतात. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, हा आपल्या सगळ्यांचा लाडका प्रसंग संपादकांनी मूळ पाठात न घेता परिशिष्टात टाकला. हे मी आमच्या हरिपाठ मंडळात सांगितलं तेव्हा दोन जण महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. तेव्हा 'ग्रंथात लिहिलंय' असं कुणी म्हणालं की एवढंच विचारायचं: वर, की खाली?

नवं पुस्तक घरी आणलं की पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा: मजकूर कोणत्या सालापर्यंतचा, कोणती चाचणी लावली, काय चूक सापडली. पेनानं नको, पुढच्यानं खोडून सुधारायला हवं.

आणि कालबाह्य कायद्याचं किंवा औषधाचं पुस्तक तसंच रद्दीत घालू नका. आम्ही ते 1996वालं निर्लेखनात, म्हणजे संग्रहातून, काढलं, दाखल नोंदवहीत रीतसर लाल रेघ मारली आणि रद्दीवाल्याला वजनावर दिलं. रद्दीवाल्याकडून ते बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर गेलं असणार. दोन वर्षांनी एका सज्जनांनी वाचनालयाला पुस्तकांचं खोकं देणगी दिलं, त्यात तेच, आमच्याच शिक्क्यासह. तेव्हापासून शीर्षकपान फाडल्याशिवाय मी एकही पुस्तक रद्दीत जाऊ दिलं नाही.