रेषेपासून जलवाहिनीपर्यंत : कॅड आणि भू-अवकाशीय फाइलींचे संरचित मॉडेल कसे तयार करावे

पाणीपुरवठ्याच्या कॅड (संगणकावर रेखाटलेल्या) आराखड्यात आपल्याला जलवाहिनी दिसते, पण फाइलमध्ये असते ती केवळ एक रेषा. तिचा व्यास शेजारच्या मजकुरात लिहिलेला असतो आणि ती कोणत्या व्हॉल्व्हला जोडली आहे हे पाहणाऱ्याच्या नजरेला समजते, मात्र त्याची नोंद कोठेही नसते. मॉडेलमध्ये प्रत्येक वस्तूला प्रकार, स्वतंत्र ओळख, गुणधर्म आणि जोडणी द्यावी लागते. म्हणून रूपांतराचे खरे काम हे रेखाटन करणाऱ्याने गृहीत धरलेला अर्थ उघडपणे नोंदवण्याचे आहे, आणि कोणतेही सॉफ्टवेअर ते आपल्यासाठी एका आज्ञेत करून देत नाही.

सर्वांत आधी मॉडेल कशासाठी हवे हे ठरवावे. जलदाबाच्या गणितासाठी लांबी, व्यास, खडबडीतपणा आणि जोडबिंदूंची उंची लागते. देखभालीच्या नोंदवहीसाठी वाहिनीचे साहित्य आणि ती टाकल्याचे वर्ष लागते. या गरजेनुसार प्रत्येक वस्तुप्रकाराचे रकाने आधीच लिहून ठेवावेत.

दुसरी पायरी एकक आणि संदर्भप्रणालीची, म्हणजे निर्देशांक पृथ्वीवरच्या कोणत्या जागा दाखवतात हे सांगणाऱ्या पद्धतीची आहे, आणि येथे घाई करणे सर्वांत महागात पडते. डीएक्सएफ (कॅड आराखड्यांच्या देवाणघेवाणीचे स्वरूप) फाइलीच्या शीर्षभागात एककाची नोंद असते, पण तिच्यावर विसंबू नये. ज्याची लांबी ठाऊक आहे अशी एखादी वस्तू मोजून पाहावी. फुटांतील आराखडा असेल तर फूट कोणता हेही विचारावे लागते. आंतरराष्ट्रीय फूट आणि अमेरिकी सर्वेक्षण फूट यांत दहा लाखांत दोन भाग एवढाच फरक आहे, तरी ५ लाख मीटरच्या निर्देशांकात तो १ मीटर होतो. शेपफाइल (नकाशा-माहितीचे जुने, प्रचलित स्वरूप) असेल आणि तिच्यासोबतची, संदर्भप्रणाली सांगणारी पीआरजे फाइल हरवली असेल, तर अंदाजाने प्रणाली निवडण्याऐवजी किमान तीन-चार ज्ञात बिंदूंशी ताळा घ्यावा. प्रणाली ‘नेमून देणे’ आणि निर्देशांकांचे ‘पुनःप्रक्षेपण करणे’ (ते दुसऱ्या प्रणालीत मोजून काढणे) या दोन भिन्न क्रिया आहेत: पहिलीत आकडे तसेच राहतात, दुसरीत ते बदलतात. पुनःप्रक्षेपणाच्या जागी नुसती प्रणाली नेमल्यामुळे संपूर्ण जाळे भलत्याच ठिकाणी गेलेले मी अनेकदा पाहिले आहे. यूटीएम या पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या प्रचलित प्रक्षेपणात पट्ट्याच्या मध्य रेखावृत्तावरील प्रमाणगुणक ०.९९९६ असतो, म्हणजे तेथे जमिनीवरचे १ किलोमीटर अंतर नकाशावर ४० सेंटिमीटरने कमी भरते. वाहिनीची लांबी जमिनीवर मोजली आहे की नकाशावर, हे म्हणूनच नोंदवावे.

आता फाइल उघडून जिओपॅकेज या नकाशा-माहितीच्या एकाच फाइलीतील स्वरूपात घ्यावी. जीडॅल ही रूपांतराची मुक्त आज्ञावली आणि तिच्यावर आधारित क्यूजीआयएस हे नकाशा-सॉफ्टवेअर डीएक्सएफ वाचतात; डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडचे मूळ स्वरूप) असल्यास आधी त्याचे डीएक्सएफ करून घेणे सोयीचे ठरते. जीडॅल मूळ सेटिंगमध्ये ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायचे तयार चिन्ह) फोडून त्याच्या रेषा करतो, त्यामुळे व्हॉल्व्हचे चिन्ह चार-पाच सुट्या रेषांत विखुरते. हे टाळण्यासाठी ब्लॉक बिंदुरूपात, नावासह आणि गुणधर्मांसह ठेवण्याचा पर्याय निवडावा. वर्तुळाचे कंसही मूळ सेटिंगमध्ये ४ अंशांच्या तुकड्यांनी सरळ रेषांत मोडले जातात. ३०० मीटर त्रिज्येच्या वळणावर यामुळे सुमारे १८ सेंटिमीटरची चूक येते, म्हणून तो कोन कमी करावा. प्रत्येक घटकाचा मूळ हँडल क्रमांक (कॅड फाइलीतील त्याची स्वतंत्र ओळख) मात्र कधीही टाकून देऊ नये. मधल्या टप्प्यात शेपफाइल शक्यतो टाळावी, कारण तिच्यात रकान्याच्या नावाला १० बाइटच मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनातील देवनागरीची त्यात जेमतेम तीन चिन्हे मावतात.

यानंतर अर्थ लावण्याचे काम येते. कोणता लेयर (आराखड्याचा नाव दिलेला थर) आणि कोणता ब्लॉक म्हणजे कोणती वस्तू, याचा तक्ता करून तो मूळ आराखडा जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा. व्यासाचा मजकूर जवळच्या रेषेला जोडताना अंतरासोबत मजकुराचा कोनही पाहावा. जेथे दोन रेषा सारख्याच जवळ असतील तेथे निर्णय माणसाने घ्यावा. प्रत्येक मूल्यापुढे ते वाचलेले, अनुमानित की अज्ञात हे लिहावे. माझ्या मते हा एक रकाना बाकी सर्व रकान्यांइतकाच मोलाचा आहे, कारण रिकाम्या जागी भरलेला अंदाज पुढे मोजमाप म्हणून वापरला जातो.

जोडणीसाठी रेषांची टोके ठराविक सहनमर्यादेत (चालवून घेता येईल एवढ्या अंतरात) एकत्र आणावीत, पण ही मर्यादा जाळ्यातील सर्वांत लहान खऱ्या वाहिनीच्या लांबीपेक्षा बरीच कमी ठेवावी. अन्यथा ती वाहिनीच नाहीशी होते. एकमेकींना छेदणाऱ्या रेषा जोडलेल्या असतातच असे नाही, एक वाहिनी दुसरीच्या खालून जात असू शकते. मग जलकुंभापासून सुरुवात करून कोणकोणते भाग गाठता येत नाहीत ते शोधावे. बहुतेक सुटलेल्या जोडण्या याच तपासणीत सापडतात.

शेवटी मॉडेल लिहावे. नकाशा-आधारित कामाला पोस्टजीआयएस हा भू-माहितीचा डेटाबेस पुरेसा आहे. त्रिमितीय देवाणघेवाणीसाठी आयएफसी हे बांधकाम-मॉडेलांचे खुले मानक घ्यावे. आयएसओ १६७३९-१ म्हणून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ४.३ आवृत्तीत रस्ते, रेल्वे, पूल आणि बंदरे यांचाही समावेश आहे. आयएफसीमध्ये भूमिती स्थानिक आरंभबिंदूपासून मांडावी आणि त्या बिंदूचे खरे निर्देशांक व दिशा स्वतंत्रपणे नोंदवाव्यात. मॉडेल दाखवणारी अनेक सॉफ्टवेअर ३२ बिटांचे दशांश अंक वापरतात आणि उत्तरांक (उत्तरेकडील निर्देशांक) सुमारे २१ लाख ते ४२ लाख मीटरच्या दरम्यान असेल, तर त्या अंकांत २५ सेंटिमीटरपेक्षा बारीक फरक मावतच नाही.

तयार मॉडेल पुन्हा उघडून मूळ आराखड्यावर ठेवावे, लेयरनिहाय वस्तूंची संख्या व एकूण लांबी ताडून पाहावी आणि न जुळणारी प्रत्येक वस्तू हँडल क्रमांकावरून मूळ फाइलमध्ये शोधावी.