सीआय तपासण्या लॅपटॉपवर चालवताय? या चुका टाळा

सीआय, म्हणजे कोड पुश केल्यावर सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या तपासण्या, लाल झालं (फसलं) की तीच तपासणी आधी लॅपटॉपवर चालवून बघायची, ही सवय चांगलीच आहे. एका चुकलेल्या स्वल्पविरामासाठी कमिट, पुश आणि रनरची (त्या तपासण्या चालवणाऱ्या मशीनची) वाट बघण्यात दिवस जातो. पण आपला लॅपटॉप भरलेला असतो. त्यात जुन्या लायब्रऱ्या असतात, कधीतरी सेट केलेली व्हेरिएबल्स असतात, क्लाउडच्या कीज असतात. काहींमुळे टेस्ट उगाच पास होतात, काही चोरण्याजोग्या असतात. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे रोजच्या फोल्डरमध्येच तपासणी चालवणं. कमिट करायची राहिलेली फाइल तिथे असते, म्हणून सगळं हिरवं दिसतं. आपल्याच रेपोचा (गिटमधल्या कोडच्या साठ्याचा) दुसऱ्या फोल्डरमध्ये नवा क्लोन, म्हणजे ताजी प्रत, घ्या आणि तिथे चालवा. ‘गिट क्लीन’ एक्स-डी-एफ पर्यायांसह वापरणार असाल तर जपून, गिट-इग्नोरमधली, पासवर्ड आणि सेटिंग्ज असलेली एन्व्ह फाइलही जाते. नोडच्या (जावास्क्रिप्टच्या) प्रोजेक्टमध्ये पॅकेजेस आणताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरा. ते जुनं नोड-मॉड्यूल्स फोल्डर पुसून फक्त लॉक फाइलमध्ये नोंदलेल्या नेमक्या आवृत्त्या घेतं आणि लॉक फाइल पॅकेज-जेसनशी जुळत नसेल तर थांबतं.

मॅकवर पास आणि रनरवर ‘फाइल सापडली नाही’ असं झालं, तर नावातली मोठी-छोटी अक्षरं बघा. लिनक्स ती वेगळी मानतं, मॅक सहसा मानत नाही.

वेळेचा घोळ भारतात बसणाऱ्यांना हमखास भेटतो. गिटहबच्या रनरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपलं साडेपाच तास पुढे. टेस्टने एकीकडे स्थानिक तारीख घेतली आणि दुसरीकडे यूटीसीची, तर ती लॅपटॉपवर रात्री १२ ते पहाटे ५:३० याच वेळात फसते. दिवसा पास होते, रनरवर तर कधीच फसत नाही. मी अशा टेस्टला ‘मधूनच फसणारी’ म्हणून बरेच दिवस बाजूला ठेवलं होतं, आणि बग खराच होता. लॅपटॉपवर टीझेड (टाइमझोनचं) व्हेरिएबल यूटीसी ठेवून चालवा. उलट सीआयमध्येही एक फेरी ‘एशिया/कोलकाता’ ठेवून चालवा, कारण वापरणारे इथलेच आहेत.

गिटहबचे वर्कफ्लो (सीआयच्या पायऱ्यांच्या फाइल्स) लॅपटॉपवरच डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त जागेत, चालवायला ‘ॲक्ट’ हे टूल उपयोगी आहे. त्याची नेहमीची इमेज (कंटेनरचा साचा) खऱ्या रनरपेक्षा लहान असते, त्यामुळे ‘कमांड सापडली नाही’ आलं तर आधी इमेज तपासा, कोड नंतर. एम-मालिकेच्या मॅकवर कंटेनरचं आर्किटेक्चर लिनक्स/एएमडी६४ द्यावं लागतं. गिटहब टोकन (गिटहबवर काम करू देणारी किल्ली) इथे आपोआप मिळत नाही, म्हणून लोक सगळ्या परवानग्या असलेलं स्वतःचं टोकन देऊन मोकळे होतात. तसं करू नका. एकाच रेपोपुरतं, फक्त वाचण्याचं टोकन बनवा. शिवाय ‘ॲक्ट’ डॉकरचं सॉकेट (डॉकरला आदेश देण्याची वाट) कंटेनरमध्ये जोडतं, आणि ज्याच्या हाती ते सॉकेट, त्याच्या हाती जवळपास अख्खं मशीन. गरज नसेल तर ते जोडणं बंद करा.

हे एवढं सांगण्याचं कारण, त्या कंटेनरमध्ये चालणारा बराचसा कोड परक्याचा असतो. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ ही २३,००० हून अधिक रेपोंत वापरली जाणारी ॲक्शन (वर्कफ्लोमध्ये जोडायची तयार पायरी) हल्लेखोरांच्या हाती गेली. त्यांनी आवृत्त्यांचे जुनेच टॅग वाईट कमिटकडे वळवले, आणि सीक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. टॅग हलवता येतो, कमिटचा हॅश नाही. म्हणून ॲक्शनपुढे आवृत्तीऐवजी पूर्ण ४० अक्षरी हॅश लिहा.

‘मी गिटहबवर कोड वाचलाय’ यावरही विसंबू नका. मार्च २०२४ मध्ये उघड झालेल्या ‘एक्सझेड’ या फाइल आवळण्याच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतला मागचा दरवाजा उघडणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, ती प्रकाशित टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी दिलेल्या गठ्ठा-फाइलमध्ये) होती. एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांनी पिच्छा पुरवला म्हणून ती सापडली. एनपीएमवरही रेपो आणि प्रकाशित पॅकेज सारखंच असेल याची खात्री नसते. ‘एनपीएम पॅक’ने फाइल उतरवून उघडून बघा.

पॅकेजच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट तर टेस्टच्या आधीच धावतात, त्या ‘इग्नोर-स्क्रिप्ट्स’ने बंद ठेवा. ‘एनपीएम ऑडिट’ फक्त माहीत असलेल्या त्रुटी सांगतं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चॉक’ आणि ‘डीबग’ या एनपीएम पॅकेजेसच्या वाईट आवृत्त्या सुमारे दोनच तास उपलब्ध होत्या. सुरक्षेची दुरुस्ती नसेल तर नवी आवृत्ती काही दिवस जुनी होऊ द्या. पीएनपीएम या एनपीएमसारख्याच टूलमध्ये त्यासाठी किमान वयाची सेटिंग आहे.

आणि वाईट आवृत्ती लॅपटॉपवर इन्स्टॉल झालीच असेल, तर नुसतं पॅकेज काढून थांबू नका. दुसऱ्या मशीनवरून त्या लॅपटॉपवरची सगळी टोकन्स आणि कीज रद्द करून नव्या काढा, एनपीएमवर तुमच्या नावाने काही प्रकाशित झालंय का ते बघा, आणि मगच लॅपटॉप साफ करायला घ्या.