समुद्री शेवाळ वापरताय? मग या चुका टाळा

चायनाग्रासचं पुडिंग घट्ट झालं नाही की पाकिटाला नावं ठेवायची. द्राक्षबागेत शेवाळाचा अर्क फवारूनही पानं पिवळीच राहिली की दुकानदाराला धरायचं. माल दोन्ही वेळा चांगला असू शकतो. हिरवं, तपकिरी आणि लाल हे समुद्री शेवाळाचे तीन मोठे गट. कुठल्या गटातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे न बघता वापरलं की फसगत ठरलेली.

नुसत्या रंगावर जाणं

ओहोटीला मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर गेलात तर गटांची नावं फारशी कामाला येत नाहीत. उन्हात वाढलेलं लाल गटातलं शेवाळ अनेकदा हिरवट किंवा तपकिरी दिसतं, वाळलं की पांढुरकं पडतं. म्हणून आकार बघा. उल्वा हिरवं आणि अगदी पातळ, जाडी जेमतेम दोन पेशींची. सरगॅसम तपकिरी, फांद्यांवर मिरीएवढ्या हवेच्या गाठी. पॅडिना पंख्याच्या आकाराचं, त्यावर चुन्याचे पांढुरके पट्टे. रंगाचा भरवसा किती धरायचा ते लोणारने दाखवलंच आहे. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा अनेकांनी शेवाळाकडे बोट दाखवलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत मात्र ते खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले.

किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ खायला उचलू नका. शेवाळाला मुळं नसतात, ते सगळ्या अंगाने पाण्यातलं शोषून घेतं. पाण्यात जड धातू असतील तर तेही.

चायनाग्रास: घाई आणि आंबट

चायनाग्रास म्हणजे ग्रॅसिलारिया, जेलिडियम अशा लाल शेवाळातून काढलेला अगर. तो नीट विरघळायला साधारण 85 अंशांच्या वर तापमान लागतं, म्हणून कोमट दुधात टाकला तर धागे तसेच राहतात. आधी पाण्यात भिजवा, मग त्याच पाण्यात एकही धागा दिसेनासा होईपर्यंत उकळा आणि गरम दुधात ओता. दूध फ्रीजमधलं असेल तर ओतताक्षणीच गुठळ्या होतात, कारण 35-40 अंशांना अगर गोठू लागतो.

लिंबू, संत्रं, कोकम यांच्या रसात अगर उकळला की त्याची पकड जाते. रस गॅस बंद केल्यावरच घाला. कच्चा अननस मात्र बिनधास्त घाला. त्यातलं एन्झाइम प्रथिनं तोडतं, म्हणून प्रथिनांचंच बनलेलं जिलेटिन त्याने पातळ होतं. अगर प्रथिन नाहीच. गोड पुडिंग सैल राहिलंच तर फेकू नका. थोडा अगर वेगळा उकळून घ्या, पुडिंग गरम करून त्यात मिसळा आणि पुन्हा घट्ट होऊ द्या. एकदा घट्ट झालं की मुंबईच्या मे महिन्यातही ते बशीत वितळत नाही. हाच गुण ओळखून नवऱ्याच्या प्रयोगशाळेत मदत करणाऱ्या फॅनी हेस यांनी 1880च्या दशकात जिवाणू वाढवण्यासाठी अगर सुचवला. तोवर वापरात असलेलं जिलेटिन उन्हाळ्यात पातळ व्हायचं.

अर्काला खत समजणं

बाजारातले बरेच अर्क कॅपाफायकस या लाल किंवा उत्तर अटलांटिकमधल्या अ‍ॅस्कोफायलम या तपकिरी शेवाळाचे असतात. ते जैव-उत्तेजक आहेत, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारे, खत नव्हेत. 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशात त्यांच्यासाठी वेगळी तरतूद झाली, ती याचसाठी. ताण सोसायला, मुळं वाढायला मदत होते. नत्र किंवा लोहाची कमतरता त्यांनी भरून निघत नाही. पानं पिवळी पडत असतील तर आधी देठ परीक्षण करा, म्हणजे पानांचे देठ प्रयोगशाळेत तपासून कशाची कमतरता आहे ते बघा. अर्काचं प्रमाण दुप्पट करून तर मुळीच काही साधत नाही, खर्च तेवढा वाढतो. बोर्डो मिश्रणासोबत (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) एकाच टाकीत ओतणंही नको. इतर औषधांबरोबर द्यायचाच असेल तर आधी बाटलीत थोडं मिसळून ठेवा. साका बसला, फाटलं, तर वेगळी फवारणी घ्या.

गोळ्या आणि पावडरी

शाकाहारी मंडळी बी-12 साठी स्पिरुलिना घेतात. स्पिरुलिना मुळात नील-हरित जिवाणू, आणि त्यातलं ‘बी-12’ बहुतांशी असं की माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग होत नाही. रक्ततपासणीत कमतरता निघाली असेल तर डॉक्टरांनी दिलेलीच गोळी घ्या.

केल्पच्या, म्हणजे मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळाच्या, गोळ्यांचं वेगळंच. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, आणि कोंबू या जपानी स्वयंपाकातल्या केल्पच्या ग्रॅमभर सुक्या तुकड्यातच त्याच्या कित्येक पट असू शकतं. थायरॉइडचा त्रास असेल तर या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. सुशी गुंडाळायच्या नोरी या शेवाळात आयोडीन त्या मानाने खूप कमी असतं, ती खायला हरकत नाही. हिजिकी ही तपकिरी शेवाळाची जात मात्र टाळाच, तिच्यात असेंद्रिय आर्सेनिक जास्त असतं.