२८ मिमी लिहिलंय, तरी शिपाई जुळेनात

टेबलावरच्या युद्धखेळासाठी आणलेल्या छोट्या शिपायांच्या दोन्ही खोक्यांवर उंची २८ मिमीच, पण लाल डगल्यातले शिपाई वाफेची तोफ ओढणाऱ्या गोलंदाजांशेजारी पोरं दिसत होते. गोम मोजण्यात आहे: कुणी तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतं, कुणी डोक्याच्या टोकापर्यंत. व्हिक्टोरियन काळातलं उंच हेल्मेट हा गोंधळ आणखी वाढवतं. म्हणून पट्टी लावायची ती डोळ्यांपर्यंतच. दीड-दोन मिमीचा फरक बुटाखाली प्लास्टिकची चकती चिकटवून झाकता येतो. डोकं आणि बंदूकच जाडजूड असेल तर उपाय नाही, ती पलटण वेगळी ठेवावी. वाफेच्या गाड्या १/५६ प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्याच्या छप्पन्नाव्या हिश्श्याच्या, घ्याव्यात.

खेळाचे नियम मात्र आधी ठरवा. पाच-दहा जणांच्या चकमकीला प्रत्येकी २५ मिमीचा गोल बेस (शिपाई उभा करायची बैठक) पुरतो. वीस-वीसच्या तुकड्या हव्या असतील तर त्याच बेसखाली चुंबक लावून पत्र्याच्या ट्रेवर मांडा. काहीच उखडावं लागत नाही.